चार उंडे, मदतीशिवाय

पणजीला झालेल्या प्रशिक्षणात पहिल्याच सकाळी आमच्याकडून काही शब्द काढून घेण्यात आले. 'समजेल', 'आवडेल', 'सुधारेल', 'प्रगती होईल'. शिकवणाऱ्या बाईंनी ते फळ्यावर लिहिले, त्यांच्यावर काट मारली आणि मुलांच्या उद्दिष्टांत हे पुन्हा दिसता कामा नयेत असं बजावलं. मूल काय करील ते लिहा, डोळ्यांना दिसेल असं लिहा, मोजता येईल असं लिहा, आणि कोणाच्या मदतीने की मदतीशिवाय, तेही लिहा. मी इतकी वर्षं जे लिहीत आले होते ते सगळं त्या एका काटेत वाया गेलं. पण मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. मोघम बोलणाऱ्यांचा मला मुळातच तिटकारा आहे. माझं माहेर डिचोलीचं. तिथे बाजारात नुसतं 'बघूया' म्हणणाऱ्याला कोणी धड मासळी दाखवत नाही.

घरी आल्यावर पहिलं उद्दिष्ट मी नवऱ्यासाठी लिहिलं. 'आंघोळीनंतर ओला टॉवेल पलंगावर न टाकता दोरीवर वाळत घालील, पाचपैकी चार वेळा, आठवण करून न देता.' कागद फ्रिजवर चिकटवला. त्याने चहा पिता पिता तो शांतपणे वाचला आणि पाचव्या वेळी टॉवेल कुठेही टाकायची परवानगी आहे का, एवढंच विचारलं. शाळेत मुख्याध्यापकांनी एका मुलासाठी 'सर्वांगीण विकास साधेल' असं लिहून ठेवलं होतं. मी त्यांना विचारलं, सर, कुठल्या अंगापासून सुरुवात करू? त्यानंतर उद्दिष्टं लिहायचं सगळं काम माझ्याकडे आलं. तोंडाळ माणसाला हेच बक्षीस मिळतं.

मी विशेष शिक्षिका आहे. पेडणे तालुक्यातल्या शाळांत ज्या मुलांना शिकायला वेगळी वाट लागते, त्यांच्यासोबत बसणं हे माझं काम. त्यांतलीच एक मुलगी पार्शे गावची, तेरा-चौदा वर्षांची. तिला काय झालंय ते तिच्या प्रमाणपत्रात मोठ्या शब्दांत लिहिलेलं आहे, ते तिथेच राहू दे. मला ती ज्या गोष्टीसाठी ठाऊक होती ती म्हणजे मोजणं. बाकं मोजायची, खिडकीचे गज मोजायची, माझ्या साडीवरची फुलं पदरापासून निऱ्यांपर्यंत मोजत यायची. एक आकडा चुकत नसे. फक्त ती थांबत नसे. टेबलावर काजूच्या बिया मांडून 'मला चार दे' म्हटलं की एक, दोन, तीन, चार, पाच, सहा करत सगळ्या बिया माझ्या ओंजळीत येत. मोजायच्या वस्तू संपल्या की तिचं मोजणं संपे, त्याआधी नाही.

तिची आई मला म्हणाली होती, "टीचर, मेजता बरें, पूण रावना." मोजते चांगलं, पण थांबत नाही. मी पानभर अहवाल लिहिला होता, त्यात याहून जास्त काही नव्हतं.

वर्गात हे चालून जात होतं. गोष्ट हाताबाहेर गेली ती चवथीनंतर, म्हणजे गणपतीनंतर. वडील ट्रकवर चालक, खाणी बंद पडल्यापासून कर्नाटकात गाडी चालवायचे आणि सणाला येऊन लगेच परत जायचे. त्या दिवसांत तिचा मामा सावंतवाडीकडून पाहुणा आला होता. आई सकाळी विहिरीवर गेलेली, मामा न्हाणीत. तेवढ्यात पोदेराचा भोंगा वाजला. आमच्याकडे पाववाला म्हणजे पोदेर सायकलवर मोठी टोपली बांधून दारोदार येतो, भोंगा वाजवतो, आणि लोक पिशव्या घेऊन फाटकाशी येतात. पैशांचा हिशोब आई महिनाअखेरीला करायची, त्यामुळे मुलगी पिशवी घेऊन गेली तर त्यात काही विशेष नव्हतं. ती गेली आणि मोजायला लागली. पोदेर देत राहिला. पिशवी भरली तशी ती ओसरीतल्या सोप्यावर उंडे रचायला लागली. उंडे म्हणजे आमचे गोल, कडक सालीचे पाव. तोही भला माणूस आणून देत राहिला. टोपली रिकामी झाल्यावरच दोघं थांबली.

मामा अंग पुसत बाहेर आला तर सोप्यावर उंड्यांची चळत, आणि भाची समाधानाने शेवटचा आकडा उच्चारते आहे. पोदेराला विचारलं तर तो म्हणाला, "घरांत सोयरे आसतले म्हणून दिले." चवथीला पाहुणे आले असतील, त्यांना लागत असतील. आमच्या भागात हा हिशोब कोणालाही पटण्यासारखा होता. पाहुण्यांच्या घरी किती लागतात हे विचारणंच वाईट दिसतं. मग आईने ते उंडे सगळ्या वाड्यावर वाटले. त्या दिवशी आपल्या दारात पोदेर आलाच नाही म्हणून ज्यांनी त्याच्या नावाने बोटं मोडली होती, त्यांच्याच घरी ते पोचले. सगळे पोट धरून हसले.

मामा हसला नाही. कारण तेव्हाच आईला केरीला किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात सकाळच्या नाश्त्याच्या पाळीचं काम मिळत होतं. सीझन सुरू झाला की पहिल्या बसने जायचं, म्हणजे मुलगी शाळेची रिक्षा येईपर्यंत घरी एकटी. मामाने घाटावरची एक निवासी शाळा पाहून ठेवली होती. शाळा चांगली होती, मी माहितीही काढली. पण आई तिला सोडायला तयार नव्हती, काम सोडणंही परवडणारं नव्हतं, आणि त्या घरात शेवटचा शब्द मामाचा असायचा. तो मला येऊन भेटला तेव्हा मी भांडायच्या तयारीनेच बसले होते.

तो म्हणाला, "माका तिचां वायट करूचां नाय, टीचर. पण घरात कोण नसताना तिका थांब म्हणणारा कोण आसा?"

अडले की मी माझ्या धंद्यावर जाते. मी त्याला विचारलं, तुम्हाला काय दिसलं तर ती इथे राहील? तो म्हणाला, ती सुधारली तर. मी म्हटलं, सुधारली हा शब्द आम्हाला बंद आहे. तुमच्या डोळ्यांना काय दिसायला हवं ते सांगा. गॅस नको, तो आई बंद करून जाईल, चहा थर्मासात ठेवील. मग काय? त्याने टोपी हातात फिरवली. शेवटी म्हणाला, पोदेराकडून तिने चार उंडे घ्यावेत, दोन तिला सकाळी, दोन आईला दुपारी आल्यावर. चार घेऊन थांबावं. कोणी सांगायचं नाही, कोणी खुणावायचं नाही. एवढं आपल्या डोळ्यांनी पाहिलं तर पुढचं बोलणार नाही. दसऱ्याआधी. मी ते तिथेच लिहून त्याला वाचून दाखवलं, आणि इतकं रेखीव उद्दिष्ट मी आजवर एकाही मुख्याध्यापकाच्या तोंडून ऐकलं नव्हतं हे त्याला सांगून टाकलं. तो गोंधळला.

आता शिकवायची पाळी माझी. काजूच्या बियांवर सुरुवात केली. 'चार दे' म्हटलं की चौथ्या बीला ती थांबायला लागली. मी हरखून गेले. नवऱ्याला फोन केला, आईला निरोप पाठवला, स्वतःला भजी खाऊ घातली. मग एका दुपारी मी बोलता बोलता खिडकीबाहेर बघितलं आणि माझ्या मांडीवर आठवी बी पडली. मला शंका आली. पुन्हा करून बघितलं. आमच्या छोट्या बाईसाहेब बिया मोजत नव्हत्या, माझं तोंड वाचत होत्या. चौथी बी हातात आली की माझ्या भुवया वर जात होत्या आणि भुवया वर गेल्या की ती थांबत होती. मुलगी चार शिकली नव्हती, मला शिकली होती.

मी कोविडातला मास्क शोधून काढला. मास्कावरून डोळे दिसायचे म्हणून नवऱ्याचा काळा चष्मा आणला. तरी भुवया दिसतच होत्या, म्हणून डोक्यावरून ओढणी कपाळावर खाली ओढली. अशी मी काजूच्या बिया पुढे मांडून बसलेली असताना मुख्याध्यापक कोणा पालकांना शाळा दाखवत आले. त्यांनी दार उघडलं, मला पाहिलं आणि दार अलगद लावून घेतलं. बाहेर ते पालकांना म्हणाले, हा आमचा विशेष विभाग. त्या पालकांनी मुलाला आमच्या शाळेत घातलं नाही.

भुवयांशिवाय चार यायला वेळ लागला, पण आले. मग खरी अडचण सुरू झाली. ती म्हणजे पार्शे. शाळेत मी एकटी मदत करणारी होते. वाड्यावर सगळेच होते. सकाळी मी स्कूटरवरून जाऊन फाटकाच्या आडोशाला उभी राहायची. भोंगा वाजे, मुलगी पिशवी घेऊन येई, आणि पोदेर स्वतःच मोठ्याने मोजून चार उंडे पिशवीत घालून 'जालें गो बाये' म्हणून निघून जाई. त्याला समजावलं. तो हो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी चौथ्या उंड्याला भोंगा वाजवला. समोरच्या घरातली काकी खिडकीतून 'चार, चार' करायची. तिचे यजमान पेपर वाचता वाचता चार बोटं वर धरायचे. मागच्या दारची वहिनी तर पोदेर यायच्या आधीच येऊन मुलीच्या कानात सांगून जायची.

मी घरोघरी जाऊन हात जोडले. मदत करू नका. हे वाक्य पेडण्यात कोणाच्या दारात उभं राहून म्हणून बघा. लोकांना वाटलं मी त्यांच्यावर काहीतरी आळ घेते आहे. काकीला तर फारच लागलं. त्या मुलीला त्यांनी पाळण्यात झोके दिले होते. "आमी गप रावचें? हें खंयचें शिकप?" शेजाऱ्याने गप्प राहायचं हे कुठलं शिक्षण, असं मला विचारून तिने वर फणसाच्या कापाची बशी पुढे केली. मी काप खाल्ले आणि घरी येऊन चिडून तिच्यासाठीही उद्दिष्ट लिहिलं. 'शेजारची काकी पोदेर फाटकाशी असताना गप्प राहील, पाचपैकी तीन वेळा.' पाचपैकी एकदा जमलं, ती पेडण्याला दातांच्या डॉक्टराकडे गेली होती म्हणून.

दसरा जवळ आला तसा मामाने दिवस ठरवला. मी पक्षपाती आहे असं उद्या कोणी म्हणू नये म्हणून पणजीहून आमच्या निरीक्षक मॅडमना बोलावलं. त्या कमी बोलणाऱ्या, चष्म्याची दोरी गळ्यात असलेल्या बाई. त्यांच्या तक्त्यात तीन रकाने असतात: स्वतःहून, सांगून, हात धरून. त्या पहिल्या बसने आल्या आणि अंगणात खुर्ची टाकून बसल्या. आईने उकळलेला चहा तसाच गॅसवर राहिला, कोणाला द्यायचं तिला सुचेना. आदल्या संध्याकाळी मी वाड्यावरच्या प्रत्येकाला शेवटचं बजावून आले होते: उद्या एक शब्द नको, एक बोट नको. सगळ्यांनी देवाशपथ कबूल केलं होतं.

भोंगा वाजला आणि मी बघते तर रस्ता माणसांनी भरलेला. काकी, यजमान, वहिनी, खालच्या वाटेवरची दोन घरं, नारळ पाडायला आलेला माणूस, सगळे. परीक्षा बघायला आले होते. पण नुसतं उभं राहून दुसऱ्याच्या पोरीकडे टक लावून बघणं बरं दिसत नाही, एवढी लाज आमच्या लोकांना आहे. म्हणून प्रत्येकाने आपण पावासाठीच आलो आहोत असं दाखवायला पाव घेतले. काकीने घेतले, वहिनीने घेतले, नारळवाल्याने घेतले. मामासुद्धा मोकळ्या हाताने उभं राहायला संकोचला आणि त्यानेही घेतले. सगळे तोंडाला कुलूप लावल्यासारखे गप्प होते, माझी शिस्त शिरसावंद्य होती.

मुलगी पिशवी घेऊन फाटकातून आली. पोदेराने तिच्यासमोर टोपलीवरचं निळं प्लास्टिक बाजूला केलं. आत एकही उंडा नव्हता.

इतक्या आठवड्यांच्या बिया, मास्क, भुवया, सगळं या शहाण्यांनी नाश्त्यात खाल्लं. मी लिहिलेल्या उद्दिष्टात 'टोपली रिकामी असल्यास' असं काही नव्हतं. पोदेराचा चेहरा रडवेला झाला. त्याने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. मॅडमची पेन्सिल तिन्ही रकान्यांच्या वर थांबली. आई दाराची चौकट धरून उभी होती. आणि मामा भाचीकडे बघत होता.

मुलगी टोपलीत वाकून बघत राहिली. मग सरळ झाली आणि वळली. काकीजवळ गेली, तिच्या पिशवीत हात घातला, एक उंडा काढला. "एक." वहिनीकडे गेली. "दोन." यजमानांकडून तिसरा घेतला. नारळवाल्याने आपली पिशवी आपणच उघडून धरली. "चार."

आणि तिथे वाड्याचा धीर सुटला. बोलायचं नाही असं मी सांगितलं होतं, देऊ नका असं सांगितलं नव्हतं. चहूबाजूंनी हात पुढे आले. काकीने दुसरा उंडा काढला, वहिनीने दोन काढले, खालच्या वाटेवरच्यांनी अख्खी पिशवीच पुढे केली. 'घे गो', 'आणीक घे', 'सोयरे आसात तुमगेर'. आणि मामा, ज्याने ही अट घातली होती तो मामा, त्याचाही हात उंडा घेऊन भाचीपुढे आला. तो मुद्दाम परीक्षा बघत नव्हता. पोर दारात पिशवी घेऊन उभी आहे, आपल्याकडे आहे, तर द्यायचं, एवढंच त्या हाताला माहीत होतं. मला त्या क्षणी सगळ्यांचा भयंकर राग आला आणि सगळ्यांवर माया आली.

तिचा हात त्या उंड्याकडे गेला. ओठांवर 'पांच' येत होता, मला दिसत होता. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी तोंड फिरवलं. मी अक्षरशः पाठ करून जास्वंदीच्या कुंपणात डोकं खुपसलं आणि भुवया दोन्ही हातांनी दाबून धरल्या. मॅडमनी नंतर मला विचारलं की तिथे काय करत होता तुम्ही. मी त्यांना म्हटलं, मदत करत नव्हते.

कुंपणात मुंग्या होत्या. मग तिचा आवाज आला, मोठा आणि थोडा वैतागलेला.

"पुरो."

मी वळले तर ती मामाचा हात तळव्याने मागे सारत होती. पिशवीचं तोंड तिने दुसऱ्या हाताने आवळून धरलं होतं. काकीने आणखी एकदा उंडा पुढे केलाच. "पुरो, काकी," ती म्हणाली, आणि घरात गेली. आजवर त्या मुलीने कोणाला कशाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्यांची अडचण मला कळत होती. मदत किती मिळाली हे लिहायला रकाने होते. अख्ख्या वाड्याच्या मदतीला तोंड देऊन मुलगी थांबली हे लिहायला रकाना नव्हता. शेवटी त्यांनी 'स्वतःहून' वर खूण केली, खाली काहीतरी बारीक अक्षरात लिहिलं आणि पणजीला जायची बस किती वाजता असं विचारलं. काकीने त्यांच्या पर्समध्ये दोन उंडे घातले, त्यांना नाही म्हणता आलं नाही.

मामा हातातला उंडा तसाच धरून बहिणीकडे वळला आणि त्याने विचारलं, "केरीची पयली बस किती वाजता गो?" आईने वेळ सांगितली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मीही रडले. गॅसवरचा चहा आटून काळा झाला होता, तो आम्ही सगळ्यांनी घोट घोट वाटून घेतला.

सीझन सुरू झाला. आई ज्या दिवशी पहिल्यांदा कामावर गेली त्या सकाळी मला शाळेत लवकर काही काम नव्हतं, पार्शे माझ्या वाटेवरही नव्हतं. तरी मी गेले. स्कूटर वळणावर लावून फणसाच्या बुंध्यामागे उभी राहिले. काळजी वाटत होती, ती लपवण्यात अर्थ नाही. भोंगा वाजला. ती बाहेर आली, केस तिचे तिनेच विंचरले होते, भांग वाकडा होता. समोरच्या खिडकीत काकी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून उभी होती. मुलीने चार उंडे घेतले, मोजले, पिशवी आवळली. पोदेर भोंगा न वाजवता निघून गेला.

ती मात्र घरात गेली नाही. फाटकाशी उभी राहून तिने सरळ फणसाकडे बघितलं आणि मला म्हणाली, "टीचर, पुरो. तूं शाळेंत वच."

मी गेले. त्यानंतर सकाळी मी पार्श्याच्या त्या वळणावर थांबले नाही.